फीलर गेजची पात

गाडी गरम झाली आणि इंजिन बसलं, असं एका दमात सांगितलं जातं, जणू दोन्ही एकच गोष्ट आहे. गॅरेजच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला त्या दोन गोष्टींमधलं अंतरच जास्त महत्त्वाचं वाटतं. तापलेल्या इंजिनाला इजा होते यात वाद नाही. पण ती किती झाली, कुठे झाली आणि मुळात गाडी तापली का, हे न मोजता जी दुरुस्ती होते ती त्या इंजिनाचा शेवट करते, असं माझं मत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत खंबाटकीत किंवा बोरघाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच वाचण्यासारख्या असतात. त्यांतल्या काही आठवड्याभरात हेड गॅस्केट बदलून रस्त्यावर येतात आणि दिवाळीच्या आत टोचन करून पुन्हा गॅरेजला आणाव्या लागतात. दुसऱ्या खेपेला मालक म्हणतो, ‘एकदा इंजिन उघडलं की गाडी संपली.’ त्याचा अनुभव खरा असतो, निष्कर्ष चुकीचा. इंजिन उघडलं होतं, पण उघडून कुणी त्याचं माप घेतलं नव्हतं.

इंधन जळून जी ऊर्जा मिळते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे निघून जातो आणि उरलेला पाण्यामार्फत रेडिएटरमधून बाहेर टाकावा लागतो. हे टाकणं थांबलं की सगळ्यात आधी तापतं ते हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, कारण जाळ त्याच्याच पोटाशी होतो आणि एक्झॉस्टची वाटही त्याच्यातूनच जाते. आजच्या गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, ब्लॉक अनेकदा बिडाचा. एक मीटर ॲल्युमिनियम दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, बीड त्याच्या निम्मंच, ११ च्या आसपास. साडेतीनशे मिलिमीटर लांबीचं हेड नेहमीपेक्षा शंभर अंश जास्त तापलं तर ते जवळपास ०.८ मिलिमीटरने लांबू पाहतं. खालचा बिडाचा ब्लॉक तेवढाच तापला तरी ०.४ च्या आतच वाढेल, आणि प्रत्यक्षात तो तेवढा तापतही नाही. हेड तर बोल्टांनी खाली जखडलेलं. लांब व्हायला जागा नाही म्हणून ते वाकतं, आणि गार झाल्यावर पूर्ण सरळ होत नाही. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हेडच्या सपाटीत चालणारा फरक दिलेला असतो ०.०५ मिलिमीटर. डोक्यावरचा केसही बहुधा याहून जाड भरतो. जुन्या ॲम्बॅसिडरचं हेड बिडाचं होतं आणि ब्लॉकही बिडाचा. दोघं सारखेच वाढायचे, सारखेच आकसायचे. ती गाडी वाफ ओकत कडेला उभी राहायची आणि पाणी पिऊन पुन्हा निघायची. त्या गाडीवर हात बसलेल्या पिढीने ‘गार होऊ दे, पाणी घाल, चल’ हा धडा पुढच्यांना दिला. १९८३ नंतर मारुतीच्या मागोमाग ॲल्युमिनियमची हेडं सर्रास आली, तरी धडा तोच राहिला.

पाणी १०० अंशांना उकळतं हे शाळेत शिकवतात. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटर उंचीवर, ते साडेपंचाण्णवच्या आसपासच उकळतं. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. ते झाकण आत तेवढा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं साधं पाणीही १२० च्या घरात पोचेपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी आठ-दहा अंश सवड मिळते. झाकणाची स्प्रिंग मेली किंवा होजला बारीक भेग पडली की ही सगळी सवड जाते. जे इंजिन १०५ अंशांवर निवांत घाट चढलं असतं तेच उकळू लागतं. उकळल्यावर वाफ धरते, वाफ उरलेल्या पाण्याला ढकलून बाहेर काढते, आणि ज्या भिंतीला पाणी टेकत नाही तिथलं ॲल्युमिनियम पाहता पाहता तापतं. हे सगळं काट्यावर दिसेल, असा लोकांचा फार विश्वास असतो. पण अनेक नव्या गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तापमान बरंच वरखाली झालं तरी तो मध्यावरून हलत नाही, म्हणजे चालवणाऱ्याला उगीच धास्ती नको. तो मध्य सोडून वर सरकला याचा अर्थ उशीर व्हायला सुरुवात झाली आहे. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, नुसता लाल दिवा. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे तापमान सांगणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं बोलतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो पोकळीत लटकतो आणि काटा खाली येऊ शकतो. ‘काटा लाल पट्ट्यात गेला होता, मग आपोआप उतरला, म्हणून तशीच घरापर्यंत आणली’ हे वाक्य गॅरेजात वारंवार ऐकू येतं, आणि सगळ्यात वाईट हेडं बहुधा त्याच गाड्यांची निघतात.

घाटात थांबायचं कुठे, मागून कंटेनर येतोय, गाडीत लहान पोरं आहेत, हा आक्षेप रास्त आहे. इंजिनापेक्षा माणसं महत्त्वाची, हे मेकॅनिकने सांगायची गरज नाही. पण सुरक्षित कडेपर्यंत जाणं आणि पायथ्याच्या गावातल्या गॅरेजपर्यंत जाणं यांत फरक आहे. तशी कड येईपर्यंत एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात लावावा. उन्हाळ्यात हे वेडेपणाचं वाटतं, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे आणि तो थोडी उष्णता खेचून घेतो. शिवाय तो एक चाचणीही करून देतो. हवा कडक गरम येत असेल तर आत पाणी फिरतंय, मग कडेला लावून पंखा चालू असल्याची खात्री करून इंजिन थोडा वेळ आयडलवर ठेवायला हरकत नाही. काटा वर आणि हीटरमधून हवा मात्र गार, असं असेल तर पाणी गेलेलं आहे आणि इंजिन त्याच क्षणी बंद करायला हवं. गरम असताना झाकण उघडायचं नाही, कारण दाब सुटताच आतलं पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, कारण न वाकलेलं हेडही त्यामुळे तडकू शकतं.

गॅरेजला आल्यावर पहिली चूक होते ती ‘जरा सेल मारून बघू’ ही. गॅस्केट फुटून सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असेल तर पिस्टन वर येताना त्या पाण्यावर आदळतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे काम हेडपुरतं होतं ते खालपर्यंत जातं. ऑइलमध्ये पाणी मिसळलं असेल तर तेच ऑइल फिरवून बेअरिंगं खराब होतात. सेल मारायच्या आधी प्लग काढून इंजिन हाताने फिरवायला पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढा धीर बहुधा कुणापाशी नसतो. दुसरी चूक उलट दिशेची आहे. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा पांढरट थर दिसला की लगेच ‘हेड गॅस्केट गेली’ असं जाहीर होतं. पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत इंजिन नीट तापत नाही, आतली वाफ झाकणाखाली धरते आणि तसाच थर जमतो. तेव्हा गेजची काडी काढून पाहायची. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर घाई करू नये. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून निळं रसायन भरायचं, हे साधन आता सहज मिळतं. जळलेला वायू पाण्यात शिरत असेल तर ते रसायन पिवळं पडतं. मग कॉम्प्रेशन मोजायचं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी भरले तर त्यांच्या मधली गॅस्केट जळाली असण्याची शक्यता मोठी. यातली प्रत्येक चाचणी इंजिन न खोलता होते, तरी बहुतेक ठिकाणी पहिला पाना थेट हेडच्या बोल्टलाच लागतो, आणि तोही कधी कधी इंजिन कोमट असताना. गरम हेडचे बोल्ट सैल केले की ते तिथल्या तिथे वाकतं. गार झाल्यावर, बाहेरून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने सोडायचे असतात.

हेड उतरवल्यावर खरी परीक्षा आहे, आणि ती एका सरळ पट्टीने आणि ठरावीक जाडीच्या पातींच्या फीलर गेजने होते. लांबीच्या दोन कडा, रुंदीच्या दोन कडा आणि दोन कर्ण, अशा सहा रेषांवर पट्टी उभी धरायची आणि खालून ०.०५ ची पात सरकते का ते बघायचं. तेच ब्लॉकच्या पृष्ठभागावर करायचं, कारण तिथेही खोलवा असू शकतो आणि तो सहसा कुणी बघत नाही. वाकलेलं हेड मशीन शॉपला फेसिंगला जातं, घासून सपाट होऊन येतं, आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. हेड वाकतं ते सगळंच वाकतं. खालचा पृष्ठभाग घासून सपाट केला तरी वरच्या कॅमशाफ्टच्या खोबणी एका रेषेत येत नाहीत. बोल्ट आवळल्यावर कॅमशाफ्ट हाताने फिरत नसेल, जड जात असेल, तर ते हेड सपाट असूनही वाकडंच आहे. पुढे कॅम जाम होतो किंवा तुटतो. त्यातून बेल्ट किंवा चेन गेली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि दोष बेल्टच्या कंपनीला दिला जातो. ॲल्युमिनियमचं आणखी एक दुखणं डोळ्यांना दिसत नाही. हेडचा धातू उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेला असतो आणि दोनशे अंशांच्या वर बराच वेळ राहिला तर तो कडकपणा उतरतो. मऊ पडलेल्या हेडवर नवी गॅस्केट बसवली तर बोल्टखाली आणि सिलिंडरच्या कड्यांखाली धातू दबत जातो, पकड सैल होते आणि काही महिन्यांत गॅस्केट पुन्हा उडते. मोठ्या मशीन शॉपमध्ये कडकपणा मोजता येतो. दोन व्हॉल्व्हच्या सीटमधली तड लाल रंग आणि पांढरी पावडर मारून किंवा गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने शोधता येते. म्हणजे उत्तर मिळू शकतं, फक्त ते विचारावं लागतं.

‘आम्ही वर्षानुवर्षं काचेवर पॉलिश पेपर ठेवून हेड घासतोय, गाड्या चालतात की,’ असं अनुभवी मिस्त्री सांगतात. त्यांच्या हाताला मी कमी लेखत नाही. बारीक उंचवटा हाताने जाणवतो हे मलाही मान्य आहे. पण ही पद्धत जुन्या, जाड, दबणाऱ्या गॅस्केटच्या काळातली आहे. ती गॅस्केट पृष्ठभागातली उणीव पोटात घ्यायची. आताच्या पोलादी पत्र्यांच्या थरांच्या गॅस्केटला आरशासारखा सपाट आणि गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, आणि पॉलिश पेपरचे ओरखडे तिच्यासाठी गळतीच्या वाटा ठरतात. तेच बोल्टांचं. अनेक इंजिनांचे हेडबोल्ट ठरावीक टॉर्कनंतर ठरावीक अंशांनी आणखी फिरवायचे असतात. त्यात ते थोडे ताणले जातात आणि दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. ‘जुनेच चांगले आहेत’ म्हणून तेच परत आवळले की पकड किती आली हे कुणीच सांगू शकत नाही. डिझेल गाड्यांत तर हाताच्या अंदाजाला जागाच नाही. काही डिझेल हेडं घासायची परवानगीच नसते, कारण व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली जागा आधीच जेमतेम असते. गॅस्केटही दोन-तीन जाडीत येतात आणि पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते डायल गेजने मोजून त्यांतली एक निवडावी लागते.

या सगळ्याच्याही आधीचा प्रश्न, गाडी तापली का, हा बऱ्याचदा अनुत्तरितच राहतो. हेड फेस झालं, गॅस्केट नवी आली, आणि रेडिएटर तोच चिखलाने बुजलेला, पंखा तोच अडखळणारा. पाण्याच्या पंपाखाली गळतीचा पांढरा डाग स्पष्ट दिसत असतो, पण कुणी खाली वाकून बघत नाही. कारण शोधण्याऐवजी आपल्याकडे दोन रामबाण उपाय केले जातात. एक, थर्मोस्टॅट काढून टाकायचा. दोन, पंखा डायरेक्ट करायचा. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा बसवावा. तो काढल्यावर इंजिन थंड राहतं, इंधन जास्त पितं, ऑइल लवकर खराब होतं, आणि काही गाड्यांत पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळूनच फिरत राहतो, म्हणजे घाटात गाडी उलट जास्त तापते. पंखा डायरेक्ट केला की तापण्याचं खरं कारण झाकलं जातं आणि सतत फिरून पंख्याची मोटर एका दुपारी बंद पडते. रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्ती रस्त्यात अडकलेल्या ट्रकवाल्याला मुक्कामापर्यंत नेते, हे खरं आहे. पण हळद किंवा बाजारातली लीकेज पावडर आत राहू दिली तर ती फक्त भोकच बुजवत नाही, हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. ‘आमच्या जुन्या गाड्या विहिरीच्या पाण्यावर चालल्या’ असंही सांगितलं जातं. चालल्या, कारण त्यांची पितळी रेडिएटरं उघडून, रॉडने साफ करून पुन्हा डाग देता यायची. आताच्या रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. बोअरचं क्षाराचं पाणी त्यांत काही वर्षांत थर धरतं, आणि गंज रोखणारं कूलंट नसेल तर धातू आतून झिजतो.

सगळ्यात जोरकस आक्षेप पैशाचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. मालक म्हणतो, गाडी पंधरा वर्षांची, एवढ्या तपासण्यांपेक्षा गॅस्केट टाक आणि दे. काही गाड्यांच्या बाबतीत तो बरोबर असतो. ज्या गाडीची किंमतच कामाएवढी उरली आहे तिथे हेडची कडकपणाची चाचणी करणं हास्यास्पद आहे. पण पट्टी आणि पात लावायला जादा खर्च जवळजवळ नाही, आणि ‘काम करू नका’ हा सल्लाही मोजल्यावरच प्रामाणिकपणे देता येतो. दुसऱ्या टोकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये थेट इंजिन असेंब्ली बदलण्याचा अंदाजपत्रकी कागद हातात पडतो. त्यांचीही बाजू आहे. अर्धवट दुरुस्तीची हमी त्यांना देता येत नाही, तासाचा दर मोठा असतो, नवी असेंब्ली बसवणं त्यांना हिशेबात सोपं पडतं. तरी ब्लॉक मोजल्याशिवाय पूर्ण इंजिन बाद ठरवणं हाही अंदाजच झाला, फक्त महागडा. मधला मार्ग म्हणून कुर्ल्याच्या बाजारातून वापरलेलं इंजिन आणलं जातं. ते बसवलं तर इंजिन नंबर आरसी बुकवर बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी आरटीओत जावं लागतं आणि त्या इंजिनाची कागदपत्रं नीट असावी लागतात. हे न करता गाडी विकायला गेलं की व्यवहार अडतो. आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघालं ती कशाने भंगारात गेली हे कुणी विचारत नाही. तीही गरम होऊनच बसलेली असू शकते.

विम्याबद्दल लोकांची समजूत फार ढोबळ असते. साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि परिणामी नुकसान वगळलेलं असतं. दगड लागून रेडिएटर फुटला तर रेडिएटरचा दावा होऊ शकतो, पण त्यानंतर गाडी तशीच हाकली आणि हेड वाकलं तर तो भाग मालकाच्या माथी येतो. ‘काटा उतरला म्हणून चालवत आणली’ हे वाक्य इथे दुसऱ्यांदा महागात पडतं.

मोजून केलेली दुरुस्तीही नेहमी यशस्वी होते असं मी म्हणणार नाही. तापल्यावर पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो, ऑइल पातळ होऊन मधला थर तुटतो, भिंतीवर उभे ओरखडे पडतात. रिंगांचा ताण उतरतो आणि व्हॉल्व्हचे रबरी सील कडक होतात. हे हेड उतरवल्यावर पूर्ण दिसतंच असं नाही. गाडी छान सुरू होते आणि दोन-तीन महिन्यांनी निळा धूर काढत ऑइल प्यायला लागते. म्हणून हेड उघडं असतानाच सिलिंडरच्या भिंती बघून, बोअर गेजने माप घेऊन मालकाला तिथेच सांगावं लागतं की हाफ इंजिनचं, म्हणजे पिस्टन-रिंगांचं, काम निघण्याची शक्यता आहे, आता करायचं की धोका पत्करायचा. गाडी दिल्यावर पहिले काही दिवस सकाळी, इंजिन गार असताना, पाण्याची पातळी बघायला सांगावी लागते, कारण आत अडकलेली हवा हळूहळू निघते आणि पातळी थोडी उतरते. ती उतरतच राहिली तर गाडी परत आणायची. आपल्याकडे बिलावर मात्र ‘हेड काम’ एवढंच लिहून पुढे आकडा टाकतात. हेड किती वाकलं होतं, किती घासलं, आता त्याची उंची किती उरली, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला किती भरलं, बोल्ट नवे की जुने, एवढं त्याच कागदावर यायला हवं आणि मालकाने ते मागून घ्यायला हवं. चार वर्षांनी ती गाडी दुसऱ्या गावात, दुसऱ्या मिस्त्रीच्या हाती गरम होऊन आली, तर त्या हेडवर आणखी एकदा घासायला जागा आहे की नाही, हे त्याला त्या कागदावरूनच कळेल.